वीस मिनिटांचं काम

स्वयंपाकघरातला नळ बदलायला वीस मिनिटं लागतात. हे आमच्या प्लंबरने सांगितलं आहे आणि तो माणूस खोटं बोलणारा नाही. वीसच मिनिटं लागतात. फक्त ती सलग मिळत नाहीत. आमच्याकडे ती शनिवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली आणि रविवारी रात्री सव्वादहाला संपली. मधल्या वेळात कुणाला काय सांगायचं, आणि दुकानात तिसऱ्या खेपेला चेहरा कसा ठेवायचा, हे नळाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेलं नसतं. त्या कागदावर फक्त बाण असतात. म्हणून नवशिक्यांसाठी हा खटाटोप.

सर्वात आधी, नळ खरोखरच बदलायचा आहे का ते बघा. नुसता ठिबकत असेल तर बहुतेक वेळा आतला वॉशर किंवा स्पिंडल बदलून भागतं. आमचा त्या पलीकडे गेला होता. तोंडातून थांबवला की मानेच्या सांध्यातून गळायचा. घरात प्रत्येकाची तो बंद करण्याची वेगळी पद्धत होती. सासूबाई शेवटचा अर्धा वेढा झाल्यावर त्याला वरून एक टप्पल मारत. पाहुण्यांना चहाच्या आधी नळ समजावून सांगावा लागे. त्यात माझी बहीण नर्स. ती एकदा सिंकपाशी उभी राहून घड्याळ लावून म्हणाली, "सेकंदाला एक. सलाईनचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. कर हिशेब." दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. प्लंबर अकरा दिवस "उद्या येतो" म्हणत होता. तेवढ्यात आम्ही 47 लिटर पाणी थेंबाथेंबाने मोरीत सोडलं.

आता दुकानात जा. तिथे नळ मागू नका, कारण हार्डवेअरच्या दुकानात नळ मिळत नाही. कॉक मिळतो. भिंतीतून आडवा येतो आणि ज्याची मान फिरते तो सिंक कॉक. बादलीवर असतो तो बिब कॉक. बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक, आणि कमोडशेजारी गुडघ्याच्या उंचीवर दडून बसलेला अँगल कॉक. मी "किचनचा नळ द्या" म्हटल्यावर काउंटरमागच्या काकांनी माझ्या मागे कुणी पुरुष आहे का ते पाहिलं. नव्हता.

"ताई, मिस्त्रीला पाठवा ना."

"मिस्त्री मीच आहे."

यावर त्यांनी मला एका दमात पाच प्रश्न विचारले. वॉल माउंट की डेक माउंट? शॉर्ट बॉडी की लाँग बॉडी? फुल टर्न की क्वार्टर टर्न? साधी धार की फोम फ्लो? आणि भिंतीतून एल्बो किती आत आहे? पहिल्या चारांची उत्तरं अंदाजाने देता येतात. क्वार्टर टर्न घ्या. त्यात रबरी वॉशरऐवजी चिनी मातीसारख्या कडक दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव वेढ्यात पाणी बंद, टप्पल लागत नाही. फोम फ्लो म्हणजे तोंडाशी जाळी, तिच्यामुळे धारेत हवा मिसळते आणि पाणी ताटावर आपटून ब्लाउजवर येत नाही. पितळी नळ घ्यावा, आणि तो हातात तोलून बघावा. चकचकीतपणा सगळ्यांना सारखाच असतो, वजन नसतं. पाचवा प्रश्न मात्र नीट ऐका. मी ऐकला नाही. "असेल नेहमीएवढा," म्हणाले. या एका वाक्याने माझा शनिवार गेला.

माप विचारलं तर बेधडक "अर्धा इंच" म्हणा. घरी येऊन फूटपट्टी लावू नका. अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर, आणि नळाच्या आट्यांची बाहेरची जाडी भरते जवळजवळ 21. पाइपच्या भोकाला 15 म्हणतात. नळाच्या बाबतीत अर्धा इंच हे माप नसून नाव आहे, जसा आमच्या सोसायटीतला एक बाळू 71 वर्षांचा आहे. खऱ्या आहेत त्या आट्या: इंचाला 14. सर जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1841 मध्ये आट्यांचा 55 अंशांचा कोन ठरवून दिला, आणि कोथरूडच्या भिंतीतला एल्बो अजून तोच पाळतो.

साहित्य: दहा इंची स्क्रू पाना, पक्कड, टेफ्लॉन टेपची दोन रिळं (एक हरवतंच), जुनं सुती फडकं, जुना टूथब्रश, वर्तमानपत्र, बॅटरी आणि बॅटरी धरायला एक माणूस.

हा माणूस निवडताना काळजी घ्या. माझे वडील घरातल्या दुरुस्त्या स्वतः करत आणि बॅटरी मी धरायची. जुन्या स्लिपरच्या रबरातून ते ब्लेडने वॉशर कापत, इतका गोल की आई त्याचं कौतुक करी आणि स्लिपरबद्दल काही बोलत नसे. माझं काम उजेड पाडण्याचं. पण मुलांचं लक्ष जिथे मजा आहे तिथे जातं, आणि उजेडही लक्षाच्या मागे जातो. "नळावर धर, माझ्या तोंडावर नको," हे वाक्य मी बालपणी आशीर्वादापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. या वेळी बॅटरी नवऱ्याच्या हातात होती. तो खिडकीतून बाहेर काहीतरी बघत होता आणि उजेड फ्रिजवर पडला होता. माझ्या तोंडून वडिलांचं वाक्य वडिलांच्याच आवाजात बाहेर पडलं. आम्ही दोघंही दचकलो.

पूर्वतयारी म्हणजे पाणी भरून ठेवणे. ही सूचना मराठी घरात द्यायची गरज नाही. उलट आवरायला सांगावं लागतं. "नळ काढणार" एवढं कानावर पडताच सासूबाईंनी पिंप, दोन कळशा, कुकर, तिन्ही पातेली, इडलीपात्र आणि दुधाचं भांडंसुद्धा भरलं. त्यांचं निम्मं आयुष्य वाड्यातल्या सार्वजनिक नळावर गेलेलं, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाणी चिक्कार झालं. भांडं एकही रिकामं उरलं नाही, त्यामुळे शनिवारचा स्वयंपाक झाला नाही.

यानंतर पाणी बंद करा. खोक्यातल्या कागदावर याला एक ओळ दिलेली असते. नव्या इमारतीत घरातल्या घरात चावी असते, तिथे एक ओळ पुरते. आमची इमारत 1988 ची, तळमजला अधिक तीन. गच्चीवर टाकी आहे आणि टाकीखाली गंजलेल्या सात चाव्या, एकाच रांगेत, एकाच रंगाच्या. कुठली चावी कुठल्या पाइपची हे फक्त जुन्या वॉचमनला ठाऊक होतं. तो 2016 मध्ये गावी गेला. वर, स्वयंपाकघराचा पाइप गच्चीपासून तळापर्यंत एकच, म्हणजे माझा नळ बदलायचा तर चार घरांच्या भाकरी थांबणार. तेव्हा आधी चारही दारांवर जाऊन सांगून या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अर्ध्या तासाची मुदत द्या. त्यांचं कणीक भिजवणं चालू असतं.

चावी गेट व्हॉल्व्ह असेल तर तिच्याशी झोंबू नका. वर्षानुवर्षं न फिरलेली चावी थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे, अशी चुचकारून फिरवायची. मी तिसरी चावी फिरवली, खाली नवऱ्याने नळ उघडून फोनवर "थांबलं, थांबलं" सांगितलं, आणि मी त्या चावीला ओळखीसाठी परकराची लाल नाडी बांधून आले. ही नाडी लक्षात ठेवा.

पाणी बंद न करता नळ काढून बघावा असा मोह काहींना होतो. टाकीतलं पाणी आमच्या पहिल्या मजल्यावरच्या नळापेक्षा साधारण दहा मीटर उंच आहे. दहा मीटर पाण्याचा भार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. अर्ध्या इंचाचं म्हणवणारं ते भोक अंगठ्याने दाबून धरायचं तर पावणेदोन किलो सतत रेटावे लागतात, आणि दुसऱ्या हाताने तुम्ही काहीच करू शकत नाही, कारण तो दरवाजाची बेल वाजली की उघडायला लागतो.

आता कृती. ताटाळ्याखाली वाका, नळाच्या मानेवर फडकं गुंडाळा, म्हणजे पान्याचे ओरखडे उठणार नाहीत, आणि डावीकडे फिरवा. डोकं वर करू नका.

डोक्यावरून आठवलं. नळ नावाचा एक राजा होता आणि तोही स्वयंपाकघरातलाच. महाभारतात तो बाहुक होऊन विदर्भात स्वयंपाक करत असताना दमयंती त्याच्यावर नजर ठेवायला केशिनी नावाच्या दासीला पाठवते. केशिनी परत येऊन सांगते की त्याने रिकाम्या घागरींकडे नुसतं पाहिलं आणि त्या पाण्याने भरल्या. आणि बुटक्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होतं. पाककलेत पारंगत माणसाचं नाव नळ, आणि त्याच्या नुसत्या नजरेने पाणी येतं. हा योगायोग मला सिंकवर ओणवं असताना फार जवळचा वाटला. दाराची गोष्ट मात्र त्याच्यापुरतीच. आमचं ताटाळं तसूभर वर गेलं नाही. दोनदा.

जुना नळ दोन प्रकारे निघतो. एक, निघतो. दोन, नळ तुमच्या हातात येतो आणि त्याचा काही भाग भिंतीत राहतो. टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर आट्यांवर क्षार बसून त्या दगड होतात. शिवाय जुन्या मिस्त्रींनी टेफ्लॉनच्या आधीच्या काळात आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावलेला असतो, तो वज्रलेप. आमच्याकडे दुसरा प्रकार झाला. कट् असा आवाज आला, मी मागे फ्रिजवर गेले आणि भिंतीतल्या भोकात एक गंजका कडा दिसू लागला. तो निपलचा होता. निपल म्हणजे दोन्ही बाजूंना आट्या असलेला, नळ आणि एल्बो यांच्यामधला पाइपचा तुकडा. 2009 मध्ये आम्ही जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच नव्या बसवल्या होत्या. भिंत पुढे आली, एल्बो आतच राहिला, आणि मधलं अंतर भरायला त्या वेळच्या मिस्त्रीने हा तुकडा घातला. काउंटरवरच्या काकांचा पाचवा प्रश्न मला तेव्हा ऐकू आला.

प्लंबरला यायला वेळ नव्हता, फोनवर बोलायला चौदा मिनिटं होती. "ताई, घाबरू नका," तो म्हणाला, "आणि पाना खाली ठेवा." सांगितलं ते असं: हॅक्सॉचं नुसतं पातं घ्यायचं, एका टोकाला फडकं गुंडाळून त्याची मूठ करायची, निपलच्या आतून दोन खाचा पाडायच्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. खाच निपलपुरतीच; एल्बोच्या आट्यांना पातं लागलं तर भिंत फोडावी लागते. मग दोन खाचांमधला तुकडा स्क्रू ड्रायव्हरने आत वाकवायचा, पकडीने धरायचा आणि डावीकडे फिरवून बाहेर काढायचा. हे वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या दोनशेपट धरा. आणि पाना फिरवताना भिंतीतला पाइपच सोबत फिरतोय असं वाटलं, तर त्याच क्षणी हात काढा, पंखा लावा आणि प्लंबर येईपर्यंत बसून राहा. तिथे हिंमत दाखवायची नसते.

तुकडा निघाला तेव्हा साडेपाच वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरून काकूंचा नातू तीनदा येऊन "आजी विचारते, झालं का" म्हणून गेला होता. अशा वेळी भोकाला प्लास्टिकचं बूच लावायचं, दुकानात त्याला डमी म्हणतात, आणि वरची चावी सोडून इमारतीला रात्रीचा स्वयंपाक करू द्यायचा. डमीसाठी दुसरी खेप. निपल त्याच वेळी आणायला हवा होता. तो दीड इंची लागणार की दोन इंची, हे मी मोजून गेले नव्हते. काका काही बोलले नाहीत. ते वजनकाट्याची धूळ पुसत राहिले.

रविवारी सकाळी अकरापर्यंत दुकान उघडं असतं हे आमचं नशीब. दोन्ही मापांचे निपल आणा. उरलेला परत घेतात. मग मात्र घरी पाहुणे आले, त्यांना बाथरूमच्या नळावरून पाणी आणून चहा दिला, आणि कामाला संध्याकाळी साडेसात उजाडले. मी गच्चीवर गेले. सातही चाव्या होत्या, नाडी नव्हती. नवा वॉचमन म्हणाला, "मी काढली, ताई. शनिवारी बांधलेली, लाल, गाठ मारलेली. म्हटलं कुणाचं काय असेल." अंधारात मी एक चावी बंद केली, खालून फोन आला, पाणी चालूच. मग शेजारची केली. "थांबलं."

पुढे टेप. 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनतज्ज्ञाने वायूच्या एका टाकीचा कॉक उघडला आणि काहीच बाहेर आलं नाही. टाकीचं वजन भरल्यासारखंच होतं. कापून पाहिली तर आत पांढरी बुळबुळीत भुकटी, तेच टेफ्लॉन. कॉक उघडूनही काही न येणं हीच ज्याची जन्मकथा, त्याहून चांगला पदार्थ गळती थांबवायला कुठून मिळणार? आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ घट्ट करताना ती उलगडत बाहेर येते, गणपतीच्या झिरमिळ्यांसारखी. बारा-पंधरा वेढे. त्याआधी टूथब्रशने एल्बोच्या आट्या साफ करा.

आणि गुंडाळण्याच्या आधी फ्लँज घाला. फ्लँज म्हणजे भिंतीवरचं भोक झाकणारी ती चकचकीत बशी. ती नळाच्या मागच्या बाजूनेच घालता येते, म्हणजे नळ भिंतीत जायच्या आधी. मला हे नळ भिंतीत गेल्यावर समजलं. नवऱ्याने बॅटरीचा उजेड अगदी अचूक ओट्यावरच्या बशीवर पाडला होता. तो म्हणाला, "हे कुठे लावायचं असतं?"

काढा. टेप सोला. फ्लँज घाला. पुन्हा गुंडाळा.

शेवटी दिशा. नळ आट्यांवर फिरत फिरत घट्ट होत जातो, आणि घट्ट होऊन थांबतो तेव्हा त्याचं तोंड कुठे असेल हे त्याचं तो ठरवतो. आमचा पहिल्यांदा छताकडे तोंड करून थांबला. अशा वेळी त्याला मागे फिरवून खाली आणायचं नाही. मागे फिरवलेला सांधा गळतोच. आणखी अर्धा वेढा पुढे जात असेल तर न्यायचा, जात नसेल तर काढून टेपचे वेढे कमी-जास्त करायचे. तिसऱ्या प्रयत्नात आमचा सहा वाजण्याऐवजी सहा वाजून चार मिनिटांवर थांबला. मी पाना खाली ठेवला. सासूबाईंनी मान किंचित वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि "सरळच आहे," म्हणाल्या.

पाणी सोडण्यापूर्वी तोंडाची जाळी काढून ठेवा, नाहीतर पाइपातला सगळा गंज तिच्यात अडकतो. चावी हळूहळू उघडा. नळ आधी खोकतो, मग तांबडं थुंकतो, मग पाणी. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरा. ओल हाताला कळत नाही, कागदाला कळते. दहा मिनिटांनी कागद कोरडा असेल तर जाळी लावा आणि भांडी घासायला घ्या, कारण दोन दिवसांची पडलेली असतात. सव्वादहा वाजता सासूबाईंनी पहिलं भांडं धुतलं आणि सवयीने नळाला वरून टप्पल मारली.

काम इथे संपतं. फक्त एक राहिलं: मोबाइल जवळ ठेवा. पावणेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, "बी विंगच्या बाथरूमला आठ वाजल्यापासून पाणी नाही." पाठोपाठ, "टाकी रिकामी आहे का?" "टँकर मागवा." "हा विषय मी मागच्याच सभेत काढला होता." आमची ए विंग. मला अंधारातली ती पहिली चावी आठवली.

अशा वेळी ग्रुपवर काही लिहू नका. बॅटरी स्वतः घ्या, चपला हातात घ्या, तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारासमोरून भिंतीकडून जा. चावी पूर्ण उघडा, आवाज ऐका, खाली या. अकरा वाजून पाच मिनिटांनी, "आलं." त्याखाली, "सेक्रेटरीसाहेबांच्या तत्परतेबद्दल आभार." त्याखाली अकरा जोडलेले हात, आणि सेक्रेटरींचा स्वतःचा, "कर्तव्यच आहे."

मीही एक हात जोडून टाकला.